फोनवरचा होकार म्हणजे करार नव्हे

पत्र : मी फ्लोरिडात टॅम्पाजवळ राहते. माझ्या सासूबाई गेल्या वर्षापासून आमच्याकडे राहायला आल्या आहेत. त्यांचे वय ७३ असून साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या शिक्षिका होत्या. त्यांना आम्ही इथला मोबाइल घेऊन दिला आणि काही आठवड्यांतच त्यावर रोज पाच-सहा विक्रीचे फोन येऊ लागले. तीन आठवड्यांपूर्वी हिंदीत बोलणाऱ्या एका मुलाने त्यांना गुडघेदुखीवरच्या पूरक गोळ्यांचा सहा महिन्यांचा पुरवठा विकला. खणात ठेवलेल्या माझ्या यजमानांच्या क्रेडिट कार्डाचा क्रमांक सासूबाईंनी वाचून दाखवला आणि ३८९ डॉलर गेले. चार दिवसांपूर्वी पार्सल आले, ते अजून उघडलेले नाही. यजमान त्यांच्यावर चिडले. तेव्हापासून त्या फोनला हातच लावत नाहीत, भारतातून नणंदेचा फोन आला तरी उचलत नाहीत. पैसे परत मागू या म्हटले, तर "मी हो म्हटले होते, आता शब्द कसा फिरवायचा" असे म्हणतात. 'हो' हा शब्द ध्वनिमुद्रित करून त्यावर पैसे काढतात असे ऐकले, ते खरे आहे का? न्यू जर्सीतले माझे दीर म्हणतात की, डू नॉट कॉल यादीत (विक्रीचे फोन नको असलेल्यांच्या यादीत) क्रमांक घालून दोन महिने झाले तरी फोन थांबले नाहीत, यावरूनच कायद्याचा काही उपयोग नाही हे दिसते. पैसे परत मिळतील का आणि हे फोन थांबतील का?

उत्तर : तुमचे पत्र वाचल्यावर मला सर्वांत आधी तुमच्या सासूबाईंशीच बोलावेसे वाटले, म्हणून उत्तराचा हा पहिला भाग कृपा करून त्यांना वाचून दाखवा.

बाई, तुम्ही फोनवर 'हो' म्हणालात यात तुमचा काही अपराध झालेला नाही, आणि आता हा व्यवहार तुम्ही नाकारलात, तर त्याला शब्द फिरवणे म्हणता येणार नाही. तुम्ही ज्या राज्यात राहता त्या फ्लोरिडाच्या कायद्यात असे स्पष्ट लिहिले आहे की, विक्रेत्याने फोन करून केलेल्या विक्रीचा करार लेखी असला पाहिजे, त्यावर गिऱ्हाइकाची सही असली पाहिजे, आणि तसे नसेल तर तो करार गिऱ्हाइकावर बंधनकारक नाही. त्या करारात विकणाऱ्याचे नाव, पत्ता, फोन क्रमांक, एकूण किंमत आणि मालाचे तपशीलवार वर्णन द्यावे लागते. सहीच्या जागेच्या लगेच वर ठळक अक्षरांत एक वाक्य छापावे लागते, ज्याचा अर्थ असा की, हा करार सही करून विक्रेत्याकडे परत पाठवल्याशिवाय तुम्ही काहीही पैसे देणे लागत नाही. दुपारच्या वेळी अवचित फोन येतो, समोरचा माणूस आपल्या दुखण्याची चौकशी करतो, आणि बोलता बोलता आपण होकार देऊन बसतो. अशा होकारात आणि पैशाच्या देण्यात विचार करायला सवड राहावी, म्हणून कायद्याने मध्ये हा कागद ठेवला आहे. तो कागद विकणाऱ्याने तुमच्याकडे पाठवायचा होता. तुम्ही तो पाहिला नाही आणि त्यावर सही केली नाही, तर तुमचा शब्द अजून तुमच्याकडेच आहे.

आता तुमच्याकडे वळतो. ज्या कलमाविषयी मी वर लिहिले, ते फ्लोरिडाच्या कायद्यातील कलम ५०१.०५९ आहे आणि तुमच्या पत्रात हा आकडा तुम्हाला वापरायचा आहे. याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की, फोनवरून माल विकणाऱ्या व्यापाऱ्याने सही केलेला करार हातात पडेपर्यंत गिऱ्हाइकाच्या क्रेडिट कार्डावर रक्कम लावता कामा नये. म्हणजे तुमच्या बाबतीत सहीचा कागद नसेल, तर ३८९ डॉलर कार्डावर लावण्याची कृतीच नियमाविरुद्ध ठरते. मात्र या नियमाला अपवाद आहेत आणि ते समजून न घेता पत्र लिहिले, तर समोरचा त्याच अपवादांचा आधार घेईल. राज्याच्या दुसऱ्या कायद्यांखाली ज्या विक्रीचे नियमन होते ती यातून वगळलेली आहे, आणि परवानाधारकांनी केलेली रोख्यांची वा वित्तीय सेवांची विक्रीही वगळलेली आहे. गोळ्यांच्या पार्सलाला ते लागू पडेल असे मला वाटत नाही. दुसरा अपवाद अधिक महत्त्वाचा आहे. माल मिळाल्यापासून सात दिवसांत तो न वापरता परत करून पूर्ण पैसे परत मिळवण्याची मुभा विक्रेत्याने दिली असेल, तर सही नसतानाही तो कार्डावर रक्कम लावू शकतो. म्हणून ते पार्सल आजच नीट पाहा. बाहेर चिकटवलेल्या पाकिटात अशी सूचना असेल, तर चार दिवस गेलेले आहेत आणि तीन उरले आहेत असे धरून चाला.

पार्सलाचे सील फोडू नका. चारही बाजूंनी छायाचित्रे काढा, त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोहोचल्याची तारीख दिसू द्या, आणि मग माल न स्वीकारता परत पाठवा. पाठवताना मागोवा घेता येईल अशी सेवा घ्या आणि पावती जपून ठेवा. त्याच दिवशी विक्रेत्याला एक पत्र लिहा. पत्रात फार काही सांगायचे नाही. अमुक तारखेला फोनवरून विक्री झाली, कलम ५०१.०५९ नुसार लागणारा लेखी व सही केलेला करार झालेला नाही, माल न उघडता परत करीत आहोत, पूर्ण रक्कम कार्डावर परत जमा करावी, एवढे पुरे. मात्र त्याखाली आणखी एक वाक्य अवश्य घाला : 'या क्रमांकावर यापुढे विक्रीसाठी फोन किंवा संदेश पाठवू नये.' हे वाक्य अनेक जण विसरतात आणि ती चूक महागात पडते. केंद्रीय नियमांप्रमाणे गिऱ्हाइकाने एखाद्या विक्रेत्याकडून खरेदी केली, की त्या दोघांत व्यापारी संबंध जुळला असे धरले जाते आणि शेवटच्या खरेदीपासून १८ महिने, गिऱ्हाइकाचा क्रमांक डू नॉट कॉल यादीत असला तरी, विक्रेता त्याला फोन करू शकतो. फ्लोरिडाचा कायदाही आधीच्या व्यापारी संबंधाला अशीच सूट देतो. म्हणजे ज्या विक्रीबद्दल तुमची तक्रार आहे, तीच विक्री पुढच्या दीड वर्षाच्या फोनांचा परवाना ठरू शकते. तुम्ही स्पष्ट 'नको' कळवले, की ती सूट संपते, म्हणून हे वाक्य तोंडी सांगण्यावर न थांबता लेखी द्यायचे.

दुसरे पत्र क्रेडिट कार्डाच्या बँकेला. केंद्रीय कायद्यानुसार, ज्या मासिक विवरणात ही रक्कम प्रथम दिसली, ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी हरकत पोहोचली पाहिजे. हे पत्र पैसे भरण्याच्या पत्त्यावर पाठवायचे नसते. बिलाविषयीच्या चौकशीचा वेगळा पत्ता विवरणावर छापलेला असतो, त्या पत्त्यावर ते पाठवा. बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची असते आणि दोन बिलिंग चक्रांत, पण ९० दिवसांपेक्षा अधिक न लावता, निकाल द्यायचा असतो. तोवर वादातली रक्कम तुम्ही भरली नाही तरी चालते. जो माल तुम्ही स्वीकारला नाही त्याची रक्कम बिलात लागणे, ही त्या कायद्याच्या भाषेत बिलातली चूक आहे. पार्सल उघडू नका असे मी इतक्या आग्रहाने लिहिले, त्याचे हे कारण. बँकेच्या फोनवर बोलताना समोरची व्यक्ती सोपे जावे म्हणून कदाचित सुचवील की, कार्ड चोरीला गेले होते असे नोंदवू या. तसे सांगू नका. कार्डाचा क्रमांक सासूबाईंनी स्वतः वाचून दाखवला होता, जे घडले ते तसेच सांगा. खरी हकीकत कायद्याच्या दृष्टीने तुमच्या बाजूची आहे. तिला खोट्याची जोड दिली, तर ती बाजूच कमकुवत होईल.

आता ध्वनिमुद्रित केलेल्या 'हो'विषयी. 'माझा आवाज ऐकू येतो ना?' असे विचारून 'हो' वदवून घेणारे फोन येतात, आणि ओळखीच्या नसलेल्या क्रमांकावर मुळात संवादच वाढवू नये हे खरे आहे. परंतु तुमच्या कार्डाचा वा खात्याचा क्रमांक ज्याच्याकडे नाही, त्याला एका शब्दाच्या ध्वनिफितीतून पैसे काढता येत नाहीत. सासूबाईंना ही भीती बाळगण्याचे कारण नाही, आणि नणंदेचा फोन तर त्यांनी आजच उचलावा. काळजी घ्यायची ती मोबाइलवर येणाऱ्या लेखी संदेशांची. फ्लोरिडात २०२३ नंतर एखाद्या अर्जातल्या चौकटीत खूण करणे किंवा संदेशाला होकारार्थी उत्तर पाठवणे हेही जाहिरातीच्या फोनांना दिलेल्या संमतीची सही मानले जाऊ शकते. 'मोफत माहितीसाठी येस लिहा' अशा संदेशाला उत्तर देऊ नये. मागे कधी कोणत्या बक्षीस योजनेच्या किंवा विमा-दरांच्या संकेतस्थळावर सासूबाईंचा क्रमांक तुमच्यापैकी कोणी भरला होता का, हेही एकदा आठवून पाहा. नव्या क्रमांकावर काही आठवड्यांत फोनांची रीघ लागते, तेव्हा अनेकदा क्रमांकाच्या आधीच्या धारकाने तो कुठे तरी दिलेला असतो किंवा घरातल्याच कोणी तरी अशा चौकटीत खूण केलेली असते.

तुमच्या दिरांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. देशव्यापी डू नॉट कॉल यादी २००३ मध्ये सुरू झाली, तिच्यात २० कोटींहून अधिक क्रमांक आहेत, आणि एकदा नोंदवलेला क्रमांक पुन्हा नोंदवावा लागत नाही. पण ही यादी कोणताही फोन अडवत नाही. ती केवळ विक्रेत्यांना सांगते की या क्रमांकांना हात लावू नका, आणि विक्रेत्यांनी दर ३१ दिवसांनी आपल्या याद्या तिच्याशी ताडून पाहायच्या असतात. धर्मादाय संस्था, राजकीय प्रचार, पाहण्या, कर्जवसुली या सर्वांना ती लागू नाही. भारतात १४० ने सुरू होणारा क्रमांक दिसला की तो जाहिरातीचा फोन आहे हे सासूबाईंना ओळखता येत असे. अमेरिकेत विक्रीच्या फोनांना असा वेगळा आरंभ नाही, त्यामुळे टॅम्पाच्या ८१३ या क्रमांकाने सुरू होणारा फोन शेजारच्या दवाखान्याचाही असू शकतो आणि हजार मैलांवरच्या विक्रेत्याचाही. एवढ्यापुरते दीर बरोबर आहेत. मात्र केंद्राच्या यादीवर कायदा संपतो असे जे ते समजतात, ते बरोबर नाही, कारण अमेरिकेत या विषयावर राज्यांचे कायदे केंद्राच्या कायद्याच्या शेजारी उभे असतात आणि पुष्कळदा त्याच्यापेक्षा कडक असतात.

हे कसे झाले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यावरून तुमच्या हातात नेमके काय आहे ते कळेल. केंद्राचा टेलिफोन ग्राहक संरक्षण कायदा १९९१ चा आहे. स्वयंचलित डायलर यंत्राने किंवा आधी मुद्रित केलेल्या आवाजाने संमतीशिवाय मोबाइलवर फोन केला, तर प्रत्येक फोनमागे ५०० डॉलर आणि तो जाणूनबुजून केला असेल तर १,५०० डॉलरपर्यंत भरपाई मागण्याचा अधिकार त्याने सामान्य माणसाला दिला. पण स्वयंचलित डायलर कशाला म्हणायचे यावर वर्षानुवर्षे वाद चालला आणि १ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेसबुकविरुद्धच्या एका खटल्यात निकाल दिला की, जे यंत्र क्रमांक यादृच्छिक किंवा ओळीने निर्माण करणारी यंत्रणा वापरते तेच स्वयंचलित डायलर. आज बहुतेक विक्रेते आयत्या याद्यांवरून क्रमांक फिरवतात. त्यामुळे त्यांची यंत्रे एका निकालाने त्या व्याख्येबाहेर गेली. ही पोकळी फ्लोरिडाने ताबडतोब भरली. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने कलम ५०१.०५९ मध्ये दुरुस्ती केली आणि १ जुलै २०२१ पासून, क्रमांकांची निवड 'किंवा' ते फिरवणे यंत्राने होत असेल तर आधी लेखी संमती घेतलीच पाहिजे, असा नियम केला. शिवाय ५०० आणि १,५०० डॉलरच्या भरपाईसाठी नागरिकाला स्वतः न्यायालयात जाण्याचा मार्ग राज्याच्या कायद्यातही खुला केला. फ्लोरिडाच्या क्षेत्रक्रमांकावर केलेला फोन फ्लोरिडाच्या रहिवाशालाच केला आहे असे प्रथमदर्शनी धरायचे, हेही त्याच दुरुस्तीत आले, त्यामुळे 'गिऱ्हाईक कुठे राहते हे आम्हाला ठाऊक नव्हते' ही सबब अवघड झाली.

त्यानंतर न्यायालयांत दाव्यांची रांग लागली. व्यापाऱ्यांची ओरड झाली आणि मे २०२३ मध्ये राज्याने कायदा पुन्हा बदलला. या दुसऱ्या बदलातला सर्वांत मोठा फरक सासूबाईंना एक शिक्षिका म्हणून लगेच कळेल, कारण तो एका उभयान्वयी अव्ययाचा आहे. 'निवड किंवा फिरवणे' याच्या जागी 'निवड आणि फिरवणे' असे झाले, आणि दोन्ही कामे यंत्र करीत असल्याचे दाखवण्याचे ओझे नागरिकावर आले. मला हा बदल पटलेला नाही. अन्यायाचा फोन घेणाऱ्या माणसाला समोरच्या यंत्राच्या पोटात काय आहे हे कधीच कळत नसते, आणि ज्याला ते ठाऊक आहे त्याच्यावर सिद्ध करण्याची जबाबदारी नसावी हे मला न्याय्य वाटत नाही. परंतु कायदा आज आहे तसाच वापरावा लागतो, आणि सुदैवाने यंत्राशी संबंध नसलेले त्यातले नियम या बदलात शाबूत राहिले.

ते नियम तुमच्या रोजच्या त्रासाला थेट लागू पडतात. केंद्राच्या नियमांप्रमाणे सकाळी ८ ते रात्री ९ विक्रीचे फोन करता येतात. फ्लोरिडात ही वेळ रात्री ८ ला संपते. एकाच विषयावर एका माणसाला २४ तासांत तीनपेक्षा अधिक फोन करता येत नाहीत, मग ते निरनिराळ्या क्रमांकांवरून केले असले तरी. फोन लागताच विक्रेत्याने आपले खरे नाव आणि आडनाव व ज्या व्यवसायासाठी फोन केला त्याचे नाव सांगितले पाहिजे. दुसराच क्रमांक दाखवणारी युक्ती वापरता येत नाही. फोनवरून विकणाऱ्या व्यवसायांना राज्याच्या कृषी व ग्राहक सेवा विभागाचा परवाना घ्यावा लागतो आणि ५० हजार डॉलरची हमी ठेवावी लागते. या नियमांतूनही बँका, परवानाधारक विमा विक्रेते, वृत्तपत्रे अशा पुष्कळांना सूट आहे, पण गुडघ्याच्या गोळ्या विकणाऱ्या अनोळखी कंपनीचा परवाना आहे का, हे तपासण्यासारखे आहे, आणि ते तुम्हाला याच विभागाकडे विचारता येते. विभागाचा फोन १-८००-४३५-७३५२ हा आहे. तक्रारही तिथेच करायची असते, आणि राज्याच्या स्वतंत्र डू नॉट कॉल यादीत सासूबाईंचा क्रमांक घालायचा तोही तिथेच. देशाच्या यादीत नाव आहे म्हणून राज्याच्या यादीची गरज नाही, असे समजू नका. कलम ५०१.०५९ च्या प्रत्येक भंगासाठी विभाग १० हजार डॉलरपर्यंत दंड मागू शकतो.

यातले काहीही नोंदीशिवाय उभे राहत नाही, आणि इथे मला सासूबाईंची मदत हवी आहे. ज्यांनी इतकी वर्षे वर्गाचा हजेरीपट राखला, त्यांच्याइतकी नेटकी नोंद तुम्ही आणि यजमान धावपळीत ठेवू शकणार नाही. फोनशेजारी एक वही ठेवा. तारीख, वेळ, पडद्यावर दिसलेला क्रमांक, बोलणाऱ्याने सांगितलेले नाव, कंपनीचे नाव, काय विकत होता, आणि 'पुन्हा फोन करू नका' असे सांगितले का, एवढे त्यांनी मराठीत लिहावे. नोंद मराठीत असल्याने तिचे मोल कमी होत नाही. त्या त्या वेळी हाताने लिहिलेली असणे महत्त्वाचे, भाषांतर नंतर करता येते. उत्तरादाखल एकच इंग्रजी वाक्य पाठ करावे : 'पुट मी ऑन युवर डू नॉट कॉल लिस्ट.' ते म्हणावे आणि फोन ठेवावा. या आधी कंपनीचे नाव विचारून घेता आले तर उत्तम, पण त्यासाठी संभाषण लांबवू नये.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. पुरावा म्हणून हे फोन गुपचूप ध्वनिमुद्रित करू नका. फ्लोरिडात खासगी संभाषण मुद्रित करायला सर्व बाजूंची संमती लागते आणि ती न घेणे हा गुन्हा आहे. न्यू जर्सीत एका बाजूची संमती पुरते, त्यामुळे दीर तुम्हाला बिनदिक्कत मुद्रित करा म्हणतील. त्यांच्या राज्यात ते योग्य असेल, तुमच्या राज्यात नाही.

संदेशांचा रस्ता थोडा वेगळा आहे. २०२३ च्या बदलानंतर, नको असलेल्या जाहिरात-संदेशाबद्दल दावा करायचा असेल, तर आधी त्या संदेशाला 'स्टॉप' असे उत्तर द्यावे लागते आणि १५ दिवस थांबावे लागते. त्यानंतरही संदेश आले तरच दावा उभा राहतो. म्हणून ज्या कंपनीचे नाव ओळखता येते, तिच्या संदेशाला 'स्टॉप' लिहा, त्या उत्तराचे छायाचित्र ठेवा आणि पंधरावा दिवस वहीत लिहून ठेवा. नाव-गाव नसलेल्या, पार्सल अडकले किंवा टोल थकला असे सांगून दुवा दाबायला लावणाऱ्या संदेशांना उत्तर देऊ नका. ते ७७२६ या क्रमांकावर पुढे पाठवा आणि पुसून टाका.

दावा करावा का, असे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण पुढे विचाराल म्हणून सांगतो. फ्लोरिडाच्या लघुवाद न्यायालयात ८,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात आणि तिथे वकील नसला तरी चालतो. देशाच्या यादीत क्रमांक असताना एकाच विक्रेत्याने बारा महिन्यांत एकाहून अधिक फोन केले, तर केंद्रीय कायद्याखाली प्रत्येक फोनमागे ५०० डॉलरपर्यंत मागता येतात. राज्याच्या कलमाखाली दावा करण्याआधी मात्र हे लक्षात घ्या की, त्यात हरणाऱ्या पक्षाने जिंकणाऱ्याच्या वकिलाचा खर्च द्यायचा असतो, आणि ती तलवार दोन्ही बाजूंना चालते. वहीत एकाच कंपनीच्या सात-आठ स्वच्छ नोंदी जमल्या, लेखी 'नको' पाठवल्याची पावती हाती असली, आणि कंपनीचा पत्ता खरा निघाला, तरच वकिलाचा सल्ला घेऊन पुढे जावे; केवळ संतापापोटी जाऊ नये. कंपनी खरी आहे की नाही हे कळण्याआधी खटल्याची भाषा करण्यात अर्थ नाही.

दिरांसाठीही थोडे लिहितो, कारण आपल्या राज्यात काही नाही असे त्यांना वाटते. न्यू जर्सीच्या कायद्यात मोबाइलवर अनाहूत विक्रीचा फोन करण्यालाच मनाई आहे, अर्थात आधीच्या गिऱ्हाइकांसारखे अपवाद तिथेही आहेत. डिसेंबर २०२३ पासून तिथल्या विक्रेत्याला पहिल्या ३० सेकंदांत आपले नाव, कोणासाठी फोन केला आणि कशासाठी केला हे सांगावे लागते. पहिल्या भंगाला १० हजार आणि पुढच्यांना २० हजार डॉलरपर्यंत दंड आहे. वॉशिंग्टन राज्यात, समोरच्याने बोलणे संपवायचे आहे असे दाखवले की विक्रेत्याने १० सेकंदांत फोन बंद करायचा असतो. फ्लोरिडाच्या पाठोपाठ ओक्लाहोमाने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि मेरीलँडने जानेवारी २०२४ मध्ये त्याच धर्तीचे कायदे अमलात आणले, आणि टेक्सासने सप्टेंबर २०२५ पासून मोबाइलच्या संदेशांनाही फोनवरच्या विक्रीच्या व्याख्येत घेतले. राज्य बदलले की नियम बदलतो. म्हणून न्यू जर्सीचा अनुभव टॅम्पाला लावू नये, तसेच टॅम्पाचा हा सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या वाचकांनी जसाच्या तसा उचलू नये.

आता ज्याविषयी लिहिताना मला खरोखर वाईट वाटते, ते सांगतो. वरचे सगळे कायदे ज्याला नाव आणि पत्ता आहे अशा विक्रेत्याला लागू पडतात. पार्सल आले, त्यावर पत्ता आहे, त्यावरून तुमचा विक्रेता बहुधा अशांपैकी आहे. पण त्याच फोनवर उद्या असा माणूस येऊ शकेल, ज्याला कोणत्याही यादीची पर्वा नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथे बसून शेकडो तरुण मुले अमेरिकेतल्या लोकांना कर खात्याचे अधिकारी असल्याचे सांगून घाबरवत होती आणि पैसे उकळत होती. जुलै २०१८ मध्ये भारतातल्या अशाच कॉल सेंटरांशी जोडलेल्या एका टोळीतल्या २१ जणांना अमेरिकेत शिक्षा झाल्या, त्यांतल्या काही २० वर्षांपर्यंतच्या होत्या. परक्या देशात दिवसभर एकट्या असलेल्या बाईंना फोनवर आपल्याकडची भाषा ऐकू आली की मन मोकळे होते. आपली भाषा बोलणारा आपलाच असेल, हा त्यांचा विश्वास त्यांच्या चांगुलपणातून आलेला आहे. म्हणून त्यांना दोष न देता एवढेच पक्के सांगा की, गिफ्ट कार्ड विकत घेऊन त्यावरचे आकडे वाचून दाखवा, रोकड पाठवा, घरात कोणाला सांगू नका, असे म्हणणारा फोन कोणत्याही भाषेत आला तरी तो ठेवून द्यायचा, आणि त्याला 'यादीतून काढा' असेही सांगत बसायचे नाही.

यजमानांना माझा निरोप द्या की, कार्ड खणात उघडे होते आणि दिवसभर घरी आई एकट्या होत्या, या दोन्ही गोष्टींची व्यवस्था घरातल्या कर्त्या माणसांनी करायची होती. त्यांनी आईजवळ बसून, ती वही स्वतःच्या हाताने आखून द्यावी. फोनमध्ये नातेवाइकांचे आणि डॉक्टरांचे क्रमांक नावानिशी भरावेत, अनोळखी क्रमांक आपोआप निरोपपेटीत जातील अशी सोय मोबाइलमध्ये असते ती सुरू करावी, आणि नणंदेचे नाव मराठीत दिसेल असे लिहावे. बाईंना फोनची भीती वाटू नये, यासाठी हे दोन्ही पत्रांइतकेच निकडीचे आहे.

तुमचे पत्र पोहोचल्यावर विक्रेत्याचा फोन येण्याची शक्यता आहे. तो बहुधा अर्धी रक्कम परत देऊ करील, किंवा पैशांऐवजी दुसऱ्या मालाची सूट देईल, आणि त्या बदल्यात फोनवरच संमती मागेल. त्याला नम्रपणे सांगा की, जे काही असेल ते लेखी पाठवा. बँकेतली हरकत पूर्ण ३८९ डॉलर कार्डावर जमा झाल्याचे विवरणात दिसेपर्यंत मागे घेऊ नका. साठ दिवसांची मुदत उलटण्याआधी बँकेची पोच आली नाही, तर पोस्टाच्या पावतीची प्रत जोडून तेच पत्र पुन्हा पाठवा, आणि त्यानंतर काय झाले ते मला अवश्य कळवा.